दारू उतरली होती, सुटली नव्हती: एका रुग्णाच्या दोन उपचारांचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ४४ वर्षांच्या एका गृहस्थांचे आहे. कारखान्यात भांडार विभागाचे पर्यवेक्षक, नोकरी सलग वीस वर्षांची. घरात पत्नी, सोळा वर्षांची मुलगी आणि वयस्कर आई. धाकटा भाऊ जवळच राहतो. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

पहिला पेग बाविसाव्या वर्षी, मित्रांबरोबर. पुढची बारा-तेरा वर्षे दारू शनिवार-रविवारपुरती राहिली. मग रात्रपाळी सुरू झाली, दिवसा झोप लागेना, आणि झोपेसाठी म्हणून दोन पेग रोजचे झाले. हा टप्पा घरात कुणाला खटकला नाही. भांडण नव्हते, पैशाची ओढाताण नव्हती, माणूस पिऊन निमूट झोपत होता. पण दारूने झोप लवकर लागली तरी ती अंगातून उतरू लागली की झोप तुटते. मग दुसऱ्या दिवशी तेवढ्याच झोपेसाठी थोडी जास्त लागते. दोनाचे तीन आणि तिनाचे पाच होण्यामागे मौजमजेपेक्षा हे गणित अधिक होते.

वडीलही पीत आणि यकृताच्या आजारानेच गेले. जुळ्यांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यातला साधारण निम्मा वाटा आनुवंशिक धरला जातो. उरलेला निम्मा परिस्थितीचा. याच घरातल्या धाकट्या भावाला दारूची ओढ कधीच लागली नाही.

गेली तीन वर्षे सकाळी उठल्यावर हात कापत. दाढी करताना गाल कापला जाई, कप दोन्ही हातांनी धरावा लागे. अंघोळीआधी ६० मिली पोटात गेली की दहा-पंधरा मिनिटांत हात स्थिर होत. घरचे म्हणत, ‘आता सकाळपासूनच सुरू झालंय.’ खरे तर त्या घोटात मजा उरलेलीच नव्हती. रात्रभरात दारू उतरल्यामुळे सुरू झालेल्या त्रासावरचा तो उतारा होता. व्यसन शरीरात मुरले आहे हे ओळखायला सकाळच्या या घोटाइतकी स्पष्ट खूण दुसरी नाही, आणि तपासणीत नेमका हाच प्रश्न विचारायचा राहून जातो.

अडचण नेमकी किती मोठी होती

‘रोज किती घेता?’ या प्रश्नाला त्यांचे उत्तर ठरलेले: ‘एक क्वार्टर.’ पत्नीने माळ्यावरच्या पिशवीतल्या रिकाम्या बाटल्या मोजल्या तेव्हा हिशेब रोजच्या दोन क्वार्टरवर (३६० मिली) गेला, सकाळचे ६० मिली वेगळे. म्हणजे दिवसाला ४२० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेले असेल तर त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे १८० मिली भरते. अल्कोहोलची घनता ०.७८९, म्हणजे वजन सुमारे १४२ ग्रॅम. दहा ग्रॅमचे एक प्रमाण-पेय धरले तर रोजची चौदा पेये. सांगितलेला आकडा होता सहा पेयांचा. पिणारा दर वेळी ठरवून खोटे बोलतो असे नाही. बाटली फोडताना एक मोजली जाते आणि नंतरची मोजली जात नाही. म्हणून ‘किती पिता’ यापेक्षा ‘एक बाटली किती वेळ पुरते, आणि ती संपल्यावर काय करता’ असे विचारल्यास उत्तर खऱ्याच्या जवळ येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहा प्रश्नांच्या ‘ऑडिट’ चाचणीत त्यांना ४० पैकी २९ गुण मिळाले. ८ पासून पुढे धोका धरतात, २० च्या पुढे अवलंबित्वाची दाट शक्यता. २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेनुसार बारा महिन्यांत अकरापैकी दोन निकष लागू झाले तरी निदान होते, सहा किंवा अधिक असल्यास आजार तीव्र. त्यांना नऊ लागू होते. कामावरचे खाडे, ठरवल्यापेक्षा जास्त पिणे, सोडण्याचे फसलेले प्रयत्न, वाढत गेलेले प्रमाण आणि थांबवल्यावर होणारा त्रास हे तर होतेच. जे दोन निकष लागू नव्हते त्यांत पिऊन गाडी चालवण्यासारखी जोखीम होती. ते पिऊन कधी गाडीवर बसले नाहीत, आणि ‘मी बेवडा नाही’ याचा हाच त्यांचा मुख्य पुरावा होता.

पहिला प्रयत्न

मुलीशी एक मोठे भांडण झाले आणि त्यांनी रात्री दारू सोडल्याचे जाहीर केले. उरलेली बाटली सर्वांसमोर मोरीत ओतली. घरात आनंद. दुसऱ्या दिवशी घाम, छातीत धडधड, जेवण नको. तिसऱ्या दिवशी पहाटे, म्हणजे शेवटच्या घोटानंतर सुमारे तीस तासांनी, झटका (फिट) आला. जीभ चावली गेली.

हे असे का होते? अल्कोहोल मेंदूतल्या ‘गाबा’ या शांत करणाऱ्या रसायनाचा परिणाम वाढवते आणि ग्लुटामेट या उत्तेजकाचा दाबते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळाली की मेंदू उलट दिशेने जुळवून घेतो: शांत करणारी यंत्रणा मंद, उत्तेजक यंत्रणा जोरात. बंद दार सगळ्या ताकदीने रेटणाऱ्याच्या पुढ्यात ते एकाएकी उघडावे तसे दारू थांबवल्यावर होते. समोरचा विरोध गेला, पण लावलेला जोर तसाच. ६ ते १२ तासांत थरथर, घाम, बेचैनी. १२ ते २४ तासांत भास होऊ शकतात. झटक्यांचा काळ ६ ते ४८ तास. आणि ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ ही सर्वांत घातक अवस्था, ज्यात भान हरपते, ताप चढतो, नाडी आणि रक्तदाब हाताबाहेर जातो. उपचाराविना यात माणूस दगावू शकतो. इतर अनेक नशा एकदम बंद केल्या तर हाल होतात. दारू एकदम बंद केली तर जीव जाऊ शकतो. बाटली मोरीत ओतण्याचा तो क्षण घरच्यांना विजयाचा वाटला, पण पूर्ण प्रकरणात सर्वांत धोक्याचा तोच होता.

रुग्णालयात सहा दिवस उपचार झाले आणि ते नीट झाले. थरथर गेली, झोप आली, भूक लागली. सातव्या दिवशी यकृताच्या व जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन घरी सोडले. सूचना एकच: ‘आता दारूला हात लावायचा नाही.’ मनोविकारतज्ज्ञाची भेट, समुपदेशन, ओढ कमी करणारे औषध यांतले काहीही कागदावर नव्हते. तीन आठवडे पुरे व्हायच्या आत पिणे सुरू झाले.

घरच्यांनी काढलेला अर्थ असा: उपचार केला, पैसे घातले, तरी सुटली नाही; म्हणजे याला इलाजच नाही. वास्तविक उपचार झाला होता तो दारू उतरताना होणाऱ्या त्रासाचा. दारूकडे पुन्हा नेणाऱ्या ओढीला, निद्रानाशाला आणि सवयीला कुणी हातही लावला नव्हता.

दुसऱ्या वेळी समोर असलेले पर्याय

चार महिन्यांनी डोळे पिवळसर दिसू लागले म्हणून तपासणी झाली. काविळीचा आकडा बिलिरुबिन २.४, यकृताची एन्झाइम्स एएसटी १६८, एएलटी ७१, जीजीटी ४१२, लाल पेशींचा सरासरी आकार १०४, प्लेटलेट १ लाख १० हजार. एएसटी हे एएलटीच्या दुपटीहून जास्त असणे ही दारूमुळे झालेल्या यकृतविकाराची ओळखीची खूण. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम दोन्ही कमी, क्रिएटिनिन ०.९ म्हणजे मूत्रपिंडे शाबूत. या शेवटच्या आकड्याने पुढे औषधाची निवड ठरवली.

पत्नीच्या पर्समध्ये एक पुडी होती. कुणीतरी सांगितले होते, जेवणात कालवून द्या, आपोआप सुटेल. अशा पुडीत काय आहे हे लिहिलेले नसते, पण बऱ्याचदा त्यामागची कल्पना डायसल्फिरॅमची असते. डेन्मार्कमध्ये १९४८ साली दारूवरचे औषध म्हणून पुढे आलेली ही गोळी, दारू पचताना बनणारे विषारी ॲसिटाल्डिहाइड मोडणारे एन्झाइम अडवते. वरून दारू घेतली की चेहरा तापून लाल होतो, उलट्या होतात, धडधड वाढते, रक्तदाब कोसळतो. हा परिणाम गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. माणसाला माहीत असेल तर भीतीपोटी तो पीत नाही. औषध काम करते ते एवढ्यावरच. माहीत नसेल तर तो नेहमीसारखा दोन क्वार्टर पिणार, आणि प्रतिक्रिया त्या प्रमाणात येणार. शिवाय हे औषध स्वतःच यकृताला इजा करू शकते आणि इथे यकृत आधीच सुजलेले होते.

समुपदेशकाने पुडी टाकून द्यायला सांगितले तेव्हा पत्नी म्हणाली, ‘मग मी करू काय? सांगून झालं, रडून झालं.’ प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर पुढे कुटुंबाच्या भागात आहे.

भावाचा आग्रह वेगळा: दादाला रात्रीत उचलून निवासी केंद्रात टाका, तीन महिने तोंड बघायचे नाही. निवासी केंद्राचा उपयोग होतो, विशेषतः घरीच दारूचे वातावरण असेल किंवा बाहेरचे उपाय फसले असतील तर. पण आधी झटका येऊन गेलेला आणि कावीळ असलेला रुग्ण रात्रपाळीला डॉक्टर नसलेल्या जागी दारू सोडणार, हे परवडण्यासारखे नव्हते. जबरदस्तीलाही कारण उरले नव्हते, कारण डोळे पिवळे झाल्यापासून ते स्वतःच घाबरले होते. एका भेटीत म्हणाले, ‘सोडायची तर आहे, पण त्या रात्री परत नकोत.’ ‘त्या रात्री’ म्हणजे मागच्या वेळची थरथर आणि झटका. नकार दारू सोडायला नव्हता, त्या त्रासाला होता, आणि त्या त्रासावर चांगला उपाय उपलब्ध होता. हे नीट ऐकले गेले म्हणून पुढचे सगळे जमले.

त्यांचा स्वतःचा प्रस्ताव होता मोजून पिण्याचा: रोज दोन पेग, जास्त नाही. सौम्य आजारात प्रमाण कमी करणे हे मान्य उद्दिष्ट असू शकते. नऊ निकष, सकाळचा घोट, झटक्याचा इतिहास आणि सुजलेले यकृत असताना तो मार्ग शिल्लक नव्हता. घरी राहून गोळ्यांवर दारू उतरवण्याचा पर्यायही झटक्यामुळेच बाद झाला. दर वेळी दारू सोडून पुन्हा धरली की पुढच्या वेळचा त्रास अधिक तीव्र होण्याकडे कल असतो. याला ‘किंडलिंग’ म्हणतात.

ठरले ते असे: रुग्णालयात देखरेखीखाली दारू उतरवायची, तिथेच ओढीवरचे औषध सुरू करायचे, आणि घरी सोडण्याआधी पुढची भेट पक्की करायची.

काय केले: पहिले सात दिवस

दाखल होताना नाडी ११८, रक्तदाब १५८/९८. दारू सोडतानाच्या लक्षणांची तीव्रता ‘सीवा’ तक्त्यावर मोजतात. त्यात दहा बाबी असतात, कमाल गुण ६७. सुरुवातीला गुण १८ होते, विसाव्या तासाला २१.

अशा वेळी सहसा क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, कारण त्यांचा परिणाम लांबतो आणि हळूहळू ओसरतो. पण त्यांचे विघटन यकृतात होते आणि यकृत मंदावले असेल तर औषध अंगात साचून गुंगी चढते. म्हणून इथे लोराझेपाम निवडले: पहिल्या दिवशी दर सहा तासांनी २ मि.ग्रॅ., आणि मधल्या मोजणीत सीवा गुण वर गेले तर जादा डोस. नंतर रोज कमी करत सातव्या दिवशी बंद. हे आकडे घरी करून पाहण्याचे नाहीत. नाडी, श्वास आणि शुद्ध दर काही तासांनी पाहणारे कुणी असेल तरच ते सुरक्षित आहेत.

त्याच वेळी थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, शिरेतून २०० मि.ग्रॅ. दिवसातून तीनदा, पाच दिवस, नंतर गोळ्या. रोज पिणाऱ्याच्या आतड्यातून थायमिन नीट शोषले जात नाही, त्यामुळे सुरुवातीला गोळ्यांवर भागत नाही. थायमिनची कमतरता असताना नुसते ग्लुकोजचे सलाइन चढवले तर उरलेसुरले थायमिनही खर्ची पडून ‘वेर्निके’ विकार उद्भवू शकतो: गोंधळलेले मन, डोळ्यांच्या हालचालीत दोष, झोकांड्या. दारुड्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी ‘प्यायलाय’ म्हणून सोडून दिल्या जातात, आणि वेळ गेली की स्मृती कायमची जाते. रक्तातली साखर घसरली असेल तर ग्लुकोज अडवून ठेवायचे नसते; थायमिन त्याच्यासोबतच द्यायचे. मॅग्नेशियमही भरून काढले, कारण ते कमी असेल तर थायमिन दिले तरी नीट काम करत नाही.

दुसऱ्या रात्री ते पत्नीला म्हणाले, ‘भिंतीवर मुंग्या बघ किती.’ भिंत कोरी होती. पत्नी हादरली. परिचारिकेने विचारले, आज वार कोणता, आपण कुठे आहात, या बाई कोण? तिन्ही उत्तरे बरोबर. भास आहेत पण भान शाबूत आहे, म्हणजे हा डिलिरियम नव्हे. पण तिकडे जाऊ शकतो. लोराझेपामचा डोस वाढवला आणि हेच तीन प्रश्न दर तासाला विचारले गेले. भासांवरची हॅलोपेरिडॉलसारखी औषधे झटक्याची शक्यता वाढवतात, म्हणून ती हाताशी ठेवली, दिली नाहीत. पहाटेपर्यंत मुंग्या गेल्या. चौथ्या दिवशी सीवा गुण ८ च्या खाली आले.

घरी जाताना लोराझेपामची एकही गोळी सोबत दिली नाही. पत्नीने झोपेसाठी मागितली होती. पण दारू आणि ही औषधे मेंदूच्या एकाच यंत्रणेवर काम करतात. एकाच्या जागी दुसरी बसते.

ओढीवरचे औषध

मुख्य औषधे तीन, चौथे (बॅक्लोफेन) विशेष परिस्थितीत. डायसल्फिरॅम यकृतामुळे बाद. नाल्ट्रेक्सोन दारूतून मिळणारी मजा बोथट करते, पण बिलिरुबिन वाढलेले आणि एएसटी मर्यादेच्या चौपट असताना ते लगेच सुरू करणे योग्य वाटले नाही. बॅक्लोफेन यकृताचा सिरोसिस (यकृत व्रणांनी निबर होणे) असलेल्यांत वापरता येते, मात्र एकाएकी बंद केले तर स्वतःच झटके आणू शकते. मध्येच औषध सोडण्याचा इतिहास असलेल्याला ते देताना हात आखडतो. अकॅम्प्रोसेटचे विघटन यकृतात होत नाही, ते मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते आणि मूत्रपिंडे ठीक होती. म्हणून ३३३ मि.ग्रॅ.च्या दोन गोळ्या, दिवसातून तीनदा.

कागदावर निवड बिनचूक होती, व्यवहारात दुपारच्या दोन गोळ्या अडल्या. डबा खाताना सहकाऱ्यांसमोर पाकीट काढायचे कसे? दुसऱ्या महिन्यात दुपारचे डोस निम्मेअधिक चुकले. तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस एएसटी ४४, एएलटी ३८, बिलिरुबिन ०.९ आले, तेव्हा नाल्ट्रेक्सोनवर बदली केली: आधी काही दिवस २५ मि.ग्रॅ., मग ५० मि.ग्रॅ., दिवसाला एकच, सकाळच्या नाश्त्यानंतर. थोडी मळमळ झाली, आठवड्यात गेली. खिशात एक चिठ्ठी ठेवायला सांगितले, ‘मी नाल्ट्रेक्सोन घेतो’, कारण अपघात किंवा शस्त्रक्रियेच्या वेळी मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके या औषधावर लागू पडत नाहीत.

कोणते औषध श्रेष्ठ यावर जाणकारांतही वाद आहेत. अमेरिकेतल्या १३८३ रुग्णांच्या ‘कंबाइन’ अभ्यासात (२००६) नाल्ट्रेक्सोनचा फायदा दिसला, अकॅम्प्रोसेटचा नाही. युरोपातल्या चाचण्यांनी अकॅम्प्रोसेटच्या बाजूने कौल दिला होता. रोजच्या उपचारात जी गोळी माणूस खरोखर गिळतो ती चांगली, या मोजमापाला मात्र कुणी फारसे महत्त्व देत नाही.

कुटुंबाचे काय बदलले

‘मी करू काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘क्राफ्ट’ या पद्धतीच्या अंगाने दिले गेले. रॉबर्ट मायर्स यांनी ती कुटुंबीयांसाठीच विकसित केली. नवऱ्याला कसे वठणीवर आणायचे हे ती शिकवत नाही. न पिण्याच्या दिवसाला घरात काहीतरी मोल यावे आणि पिण्याचे परिणाम झाकले जाऊ नयेत, एवढ्यावर तिचा भर असतो.

प्रत्यक्षात तीन गोष्टी बदलल्या. पत्नी वर्षानुवर्षे कारखान्यात फोन करून ‘यांना ताप आहे’ म्हणत असे, ते बंद. प्यायलेल्या माणसाशी वाद घालणे बंद, बोलायचे ते दुसऱ्या दिवशी सकाळी. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड गेली. रोज संध्याकाळी दारातच त्यांच्या तोंडाचा वास घेतला जाई. ते म्हणाले, ‘अगं, वास घेतलास की वाटतं, नाहीतरी विश्वास नाहीच, मग प्यायला काय हरकत?’ त्यावर पत्नी म्हणाली, ‘अहो, वास नाही घेतला तर मला रात्रभर झोप नाही.’ दोघांचेही खरे होते. तोडगा निघाला तो असा: सकाळची गोळी पत्नीसमोर घ्यायची, आणि गोळी घेतली त्या दिवशी संध्याकाळी तपासणी नाही.

निद्रानाशाचे काय? दारू सोडल्यावर झोप काही आठवडे, कधी काही महिने, विसकटलेलीच राहते आणि बरेच जण नेमके यासाठीच परत वळतात. कारखान्याने डॉक्टरांच्या पत्रावर सहा महिने दिवसपाळी दिली. औषधांव्यतिरिक्त सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कदाचित हीच असावी.

दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांना ते नाखुशीने गेले. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन इथे सुरू झालेल्या या चळवळीत ईश्वराचा उल्लेख येतो आणि यांना ते मानवेना. दुसऱ्या एका गटात सूर वेगळा होता, तिथे रमले. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात संपूर्ण मद्यमुक्ती टिकवण्याच्या बाबतीत या चळवळीच्या बारा पायऱ्यांशी जोडून देणारे उपचार इतर मानसोपचारांच्या तोडीचे, काही बाबतींत सरस दिसले. पण न रुचणाऱ्या गटात दर आठवड्याला हजेरी लावण्याला अर्थ नाही, गट बदलावा.

पाचव्या महिन्यातली घसरण

दुःखाचे निमित्त नव्हते. बढतीची बातमी आली, रिपोर्ट चांगले होते, ‘आता गोळीची गरज नाही’ म्हणून दहा दिवस नाल्ट्रेक्सोन बंद होते. त्यात सहकाऱ्याच्या निरोपाची पार्टी. एक पेग. दुसऱ्या दिवशी क्वार्टर, मग क्वार्टरहून जास्त.

पहिल्या पेगपेक्षा त्यानंतरच्या विचाराने जास्त नुकसान केले: मोडलेच आहे, मग आता काय राहिले? मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी या मनःस्थितीचे वर्णन केले आहे; संयम मोडल्याची अपराधी भावनाच पुढच्या पिण्याला ढकलते. यांना समुपदेशनात ‘घसरलात तर काय’ हे एका कागदावर लिहून दिले होते: त्याच दिवशी फोन, दुसऱ्या दिवशी भेट. त्यांनी फोन केला नाही. चौथ्या दिवशी पत्नीने केला. मागच्या वेळेस तिने हेच चार महिने लपवले होते.

झटक्याचा इतिहास असल्याने दोन रात्री रुग्णालयात ठेवले. सीवा गुण ९ च्या वर गेले नाहीत. नाल्ट्रेक्सोन पुन्हा सुरू केले आणि आठवड्याच्या भेटी दोन महिने वाढवल्या.

निष्पत्ती

दुसऱ्या उपचाराला चौदा महिने झाले, त्यांतले शेवटचे नऊ सलग दारूविना. यकृताची एन्झाइम्स आणि जीजीटी मर्यादेत आहेत, प्लेटलेट १ लाख ९० हजार. लाल पेशींचा आकार पूर्ववत व्हायला तीन-चार महिने लागतात, कारण जुन्या पेशी मरून नव्या याव्या लागतात, तोही उतरला. यकृताचा ताठरपणा दाखल होताना १४.२ किलोपास्कल होता, सहाव्या महिन्यात ८.१. पहिला आकडा सुजेमुळे फुगलेला होता, म्हणून त्यावरून सिरोसिसचा शिक्का मारला नाही हे बरे झाले. तळपायांना मुंग्या येणे मात्र थांबलेले नाही. मुलगी घरात मोजकेच बोलते.

मग हा आजार बरा झाला का? डीएसएम-५ मध्ये ‘बरा’ हा शब्दच नाही. निकष (ओढ वगळून) तीन महिने लागू नसतील तर सुरुवातीचे शमन, बारा महिने नसतील तर टिकलेले शमन. हे गृहस्थ अजून पहिल्या गटात आहेत. मेंदूने दारूशी जोडलेल्या आठवणी पुसल्या जात नाहीत; संधी, ताण किंवा ओळखीची जागा समोर आली की त्या जाग्या होतात. म्हणून ‘आता एखादा पेग चालेल का’ याचे उत्तर यांच्यासाठी नाही असेच आहे. उपचार होतो का, याचे उत्तर मात्र वरच्या आकड्यांतच आहे.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या रुग्णालयातून सोडताना सात दिवसांतली पुढची भेट ठरवून दिली असती तर हे प्रकरण बहुधा चार महिने आधीच मार्गी लागले असते. तेव्हा यकृत इतके बिघडलेलेही नसावे.

अकॅम्प्रोसेट देताना ‘दुपारी बाराला तुम्ही कुठे असता, कुणाबरोबर असता?’ हा प्रश्न विचारायला हवा होता.

उदासीनतेकडे उशिरा लक्ष गेले. दारू सोडल्यावर पहिले दोन ते चार आठवडे दिसणारी उदासी बऱ्याचदा आपोआप ओसरते, म्हणून औषधाची घाई करत नाहीत. आत्महत्येचे विचार मात्र पहिल्याच दिवशी विचारायचे असतात आणि ते विचारले गेले. पण सहाव्या आठवड्यात चाचणीत उदासीनता दिसूनही ‘अजून थोडे थांबू’ म्हणत चौथा महिना उजाडला. तेवढे थांबायला नको होते.

मुलीला एकदाही बोलावले नाही. सोळा वर्षांची मुलगी लहान समजून बाहेर ठेवली गेली, प्रत्यक्षात झटका आला तेव्हा वडिलांना कुशीवर वळवणारी तीच होती. अशा घरांतल्या किशोरवयीन मुलांसाठी अलाटीन गट असतात; ते तिला आता सुचवले आहेत, अजून ती गेलेली नाही.

नाल्ट्रेक्सोन कधी थांबवायचे हे ठरायचे आहे. ते एकदम बंद केले तरी शरीराला त्रास होत नाही, आणि नेमके म्हणूनच ते स्वतःहून सोडणे सोपे जाते. सध्याचा करार असा: थांबवायचे तर आधी सांगून, दिवसपाळी चालू असताना, आणि त्यानंतरचे तीन महिने भेटी महिन्याऐवजी दर पंधरवड्याला.